वॉशिंग्टन : एका आडनावाचा प्रवास

आपल्या मंडळाच्या सभासद यादीत 'कर' लागलेली आडनावे पुष्कळ आहेत. चार-पाच पिढ्या इंदुरात काढूनही पंढरपूरकर हे पंढरपूरकरच राहतात. गाव सुटते, आडनाव सुटत नाही. इंग्रजांतही अशी गावावरून आलेली आडनावे खूप आहेत. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे आडनाव त्यांपैकीच एक. पण आज आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत ते बुकर टी. वॉशिंग्टन त्या गावचे नव्हते आणि त्या घराण्यात जन्मलेलेही नव्हते. आडनाव त्यांनी स्वतः निवडले.

आधी आडनावाची हकीकत पाहू. उत्तर इंग्लंडात डरहॅमजवळ वॉशिंग्टन नावाचे जुने गाव आहे. बाराव्या शतकात विल्यम नावाच्या एका सरदाराकडे ते आले आणि त्याने गावाचेच नाव लावले. घराण्याची एक शाखा पुढे दक्षिणेला नॉर्दॅम्प्टनकडे गेली. तेथील लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात वर आले, शहराचे मेयर झाले आणि १५३९ मध्ये त्यांनी सलग्रेव्ह येथे जमीन घेतली. त्यांच्या वंशातील एक धर्मगुरू १६४३ मध्ये, इंग्लंडातील यादवी युद्धाच्या काळात, पदावरून दूर झाले. त्यांचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावरून व्हर्जिनियात गेला आणि तिथेच स्थायिक झाला. हे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पणजोबा. जॉर्ज यांना मूलबाळ झाले नाही. ते वारले त्या १७९९ साली त्यांच्या माउंट व्हर्नन या शेतवाडीवर ३१७ गुलाम होते.

त्याच व्हर्जिनियात १८५६ च्या सुमारास एका गुलाम स्वयंपाकिणीच्या पोटी बुकरचा जन्म झाला. जन्मतारीख त्याला स्वतःलाही नक्की ठाऊक नव्हती. मालकाच्या मृत्यूनंतर १८६१ मध्ये मालमत्तेची यादी झाली. तीत या लहान मुलाचे नाव आहे आणि पुढे किंमत आहे, ४०० डॉलर. आम्ही नोकरीत तारण मालमत्तेच्या याद्या पुष्कळ तपासल्या. अशा यादीत एखादे मूल लिहिलेले असावे, ही कल्पनाच करवत नाही.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. आई मुलांना घेऊन वेस्ट व्हर्जिनियात सावत्र वडिलांकडे गेली. तिथे बुकर मिठाच्या भट्टीवर राबू लागला. वडिलांच्या पिंपांवर १८ हा आकडा घातलेला असे. त्याला ओळखता आलेला तो पहिला आकडा. पुढे शाळेत जायला मिळाले, तेव्हा हजेरीत प्रत्येक मुलाला किमान दोन नावे असल्याचे त्याच्या ध्यानात आले. त्याच्याकडे एकच होते. गुरुजींनी विचारताच त्याने बुकर वॉशिंग्टन असे सांगून टाकले. सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते.

१८७२ मध्ये तो सुमारे ५०० मैलांवरच्या हॅम्प्टनच्या शाळेला निघाला, काही वाट पायी, काही मिळेल त्या गाडीने. प्रवेशपरीक्षा म्हणून एक खोली झाडायला सांगितली. त्याने ती तीनदा झाडली, चारदा पुसली आणि प्रवेश मिळवला.

१८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी शाळा काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. सरकारकडून वर्षाला २००० डॉलर मिळत, तेही फक्त पगारासाठी. जागा नव्हती, इमारत नव्हती. ५०० डॉलरची शेतजमीन घेण्यासाठी निम्मी रक्कम हॅम्प्टनच्या खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून उसनी दिली. विद्यार्थ्यांनी विटा पाडल्या, पण तीन भट्ट्या वाया गेल्या. चौथ्या भट्टीसाठी बुकर यांनी स्वतःचे घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले. या वेळी विटा नीट भाजल्या गेल्या.

वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्या कार्व्हरना १८९६ मध्ये टस्कीगीला बोलावून घेणारे हेच बुकर. कार्व्हर हे आडनावही मूळचे मालकाचेच.

बुकर यांच्यावर टीकाही झाली. आधी हातात कसब आणि पैसा, हक्कांची मागणी नंतर, हे त्यांचे धोरण ड्यूबॉईससारख्या विद्वानांना मान्य नव्हते. ती टीका आम्हाला गैर वाटत नाही. पण शाळा उभी राहिली, हेही खरे. १४ नोव्हेंबर १९१५ रोजी ते वारले तेव्हा तिथे १०० हून अधिक इमारती आणि सुमारे १५०० विद्यार्थी होते.

२००० सालच्या जनगणनेनुसार अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाची सुमारे १ लाख ६३ हजार माणसे होती. त्यांपैकी दहांत नऊ कृष्णवर्णीय. ज्या आडनावाच्या माणसांनी गुलाम बाळगले, ते आज मुख्यतः गुलामांच्या नातवंडा-पतवंडांकडे आहे. आडनाव बापाकडून मिळते, गावाकडून मिळते. बुकरला दोन्हीकडून मिळाले नाही. त्याने ते हजेरीच्या वेळी उचलले आणि आयुष्यभर काम करून स्वतःचे केले.