मेंदूतील धमन्यांचा वेध घेणारे डॉ. मोनीझ

मेंदूतील धमनीच्या दुर्बल भिंतीला कधी कधी फुगा येतो. वैद्यकशास्त्रात त्याला 'एन्युरिझम' म्हणतात. तो फुटला, की डोक्यात असह्य कळ उठते, मान ताठरते, शुद्ध हरपते आणि प्राणही जाऊ शकतो. आज अशा रुग्णाचे प्रथम सीटी स्कॅन केले जाते. त्यात रक्तस्राव दिसला, की फुग्याची नेमकी जागा अँजिओग्राफीने हुडकली जाते. जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या पाहण्याची ही वाट पोर्तुगालच्या डॉ. एगास मोनीझ यांनी घालून दिली.

२९ नोव्हेंबर १८७४ रोजी आव्हांका येथे जन्मलेले मोनीझ कोइम्ब्रा विद्यापीठात वैद्यक शिकले. १९११ मध्ये ते लिस्बन येथे चेताविज्ञानाचे प्राध्यापक झाले. राजकारणातही ते रमले. संसद सदस्य, स्पेनमधील राजदूत आणि १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री अशी पदे त्यांनी भूषविली. राजकारणातून बाहेर पडल्यावर मात्र वयाच्या पन्नाशीत त्यांनी संशोधनाला वाहून घेतले.

त्या काळी क्ष-किरणांच्या चित्रात कवटीचे हाड दिसे, आतील धमन्या दिसत नसत. क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य मानेतील धमनीत सोडले, तर त्या उमटतील, असा मोनीझ यांचा कयास होता. संधिवाताने त्यांचे हात अधू झाले होते. त्यामुळे सुई टोचण्याचे काम सहकारी आल्मेदा लिमा करीत. स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडच्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला. तेव्हा ते द्रव्य सोडून त्यांनी सोडियम आयोडाइड वापरले आणि २८ जून १९२७ रोजी जिवंत रुग्णाच्या मेंदूतील धमन्या प्रथमच काचेवर स्पष्ट उमटल्या. आरंभी हे तंत्र ट्यूमर शोधण्यासाठी होते. १९३३ मध्ये मोनीझ यांनी त्याद्वारे एन्युरिझमही दाखविला. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मुळाशी क्लिप लावून तो बंद केला.

या यशाला काळी किनारही आहे. १९३१ पासून मोनीझ यांनी वापरलेले 'थोरोट्रास्ट' हे द्रव्य किरणोत्सारी होते. ते शरीरात साठून राही आणि अनेक वर्षांनी कित्येक रुग्णांना त्यामुळे यकृताचा कर्करोग जडला.

१९४९ चे नोबेल पारितोषिक मोनीझ यांना विभागून मिळाले. पण ते अँजिओग्राफीसाठी नव्हे, तर मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. त्या शस्त्रक्रियेने असंख्य रुग्णांचे व्यक्तिमत्त्वच हिरावले आणि ती कालबाह्य ठरली. १३ डिसेंबर १९५५ रोजी मोनीझ निवर्तले. ज्या कार्याने त्यांना नोबेल मिळवून दिले, ते वैद्यकाने टाकून दिले. अँजिओग्राफीची द्रव्ये आणि यंत्रे बदलली, सुईची जागा बारीक नळीने घेतली. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. त्याच्याच आधारे आजही फुटलेला फुगा वेळीच सापडतो आणि रुग्ण वाचू शकतो.