पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (पूर्ण नाव: बाळू बाबाजी पालवणकर, १९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेट खेळाडू व राजकीय कार्यकर्ते होते. ते डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय क्रिकेट संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातून आलेले आणि देशपातळीवर कीर्ती मिळवलेले ते पहिले क्रिकेटपटू होत. गोलंदाज म्हणून त्यांचे श्रेष्ठत्व निर्विवाद होते, तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. पुढे १९३२च्या पुणे करारावर त्यांनी स्वाक्षरी केली, तर १९३७च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विरोधात उभे होते.

कौटुंबिक पार्श्वभूमी

पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आले आहे. बाळूंचे वडील सैन्यात नोकरीस होते. बाळूंचा जन्म धारवाड येथे झाला, पण त्यांचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे भाऊ. हे चौघेही पुढे उत्तम क्रिकेट खेळाडू म्हणून ओळखले गेले.

एकोणिसाव्या शतकात कोकणातील अस्पृश्य समाजांसाठी लष्करातील नोकरी ही गावगाड्याबाहेर पडण्याची मोठी वाट होती. महाडजवळील रावढळ या गावचे गोपाळबाबा वलंगकर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केले आणि पुढे महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. छावणीत मुलांना अक्षरओळख होई, रोख पगार घरात येई आणि गावातील जातीचे निर्बंध काही अंशी सैल होत. पालवणकर बंधूंना याच छावणीत क्रिकेटची ओळख झाली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि शिवराम यांनी खेळायला सुरुवात केली.

पुण्यातील उमेदवारी

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रूळ फिरवणे हे त्यांचे काम होते आणि त्यासाठी त्यांना महिना तीन रुपये मिळत. अधूनमधून सभासदांना सरावासाठी ते गोलंदाजीही करीत. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये पगारावर रुजू झाले. तेथे जाळ्या लावणे, खेळपट्टी तयार करणे आणि सीमारेषा आखणे ही कामे त्यांच्याकडे होती.

या क्लबातील एका गोऱ्या सभासदाने त्यांच्या हातातील फिरकी ओळखली आणि त्यांना नियमित गोलंदाजी करण्यास लावले. त्या काळातील नामवंत फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या चेंडूंवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी ग्रेग त्यांना आठ आणे देत, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. अशा रीतीने बाळूंनी उत्तम फलंदाजांना अक्षरशः हजारो चेंडू टाकले. अचूकता, उंची देऊन टाकलेला चेंडू आणि दोन्ही बाजूंना वळणारी फिरकी या गुणांवर त्यांची हुकमत बसली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना जवळजवळ मिळाली नाही, कारण बॅट धरणे हा साहेबांचा मान समजला जाई आणि चेंडू टाकण्याचे कष्ट नोकरांच्या वाट्याला येत.

हिंदू संघात प्रवेश

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला युरोपियन संघाशी सामना द्यायचा होता. युरोपियन फलंदाजांच्या उणिवा रोजच्या सरावामुळे बाळूंइतक्या कोणालाच ठाऊक नव्हत्या. त्यांना संघात घ्यावे की नाही यावरून क्लबात मतभेद झाले. तेलुगू सभासद अनुकूल होते, तर काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेर विजयाची इच्छा प्रबळ ठरली आणि बाळूंना संघात स्थान मिळाले.

हे स्थान मैदानापुरतेच होते. खेळताना सवर्ण खेळाडू बाळूंनी हाताळलेला चेंडू झेलत व फेकत, पण खेळ थांबला की शिवाशिव सुरू होई. चहाच्या वेळी इतरांना तंबूत चिनी मातीच्या कपात चहा मिळे, तर बाळूंना तो बाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. तोंड धुण्यासाठी त्यांना पाणी हवे असल्यास अस्पृश्य नोकर ते मैदानाच्या एका कोपऱ्यात नेऊन देत असे. त्यांचे जेवणाचे ताट आणि जागाही वेगळी असे.

बाळूंच्या गोलंदाजीच्या बळावर पुण्याच्या हिंदूंनी युरोपियनांना हरवले. साताऱ्यातील युरोपियन जिमखान्याविरुद्धही त्यांनी विजय मिळवला आणि त्या सामन्यात बाळूंनी सात गडी बाद केले. संघ पुण्यास परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर सत्कार केला. ज्याच्यासोबत खेळता येते त्याच्यासोबत जेवण्यास हरकत असू नये, अशी समज त्यांनी संघातील खेळाडूंना दिल्याचे सांगितले जाते.

मुंबई आणि १९०६चा विजय

पुण्यात प्लेगची साथ पसरल्यानंतर १८९६च्या सुमारास पालवणकर कुटुंब मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने बाळूंना आपल्या संघात घेतले. येथेही सुरुवातीस काही सभासदांचा विरोध झाला. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि त्या कंपनीच्या संघाकडूनही ते खेळू लागले.

मुंबईत क्रिकेटचे संघ धर्मानुसार उभे राहिले होते. युरोपियन व पारशी यांच्यातील सामने जुने होते. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला आव्हान दिले. हिंदूंनी २४२ व १६०, तर युरोपियनांनी १९१ व १०२ धावा केल्या आणि हिंदूंनी हा सामना १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. शिवराम हेही या संघात होते. राज्यकर्त्यांवर मिळवलेला हा विजय देशभर गाजला. अस्पृश्य खेळाडूंना सोबत घेतल्यामुळे तो शक्य झाला, याकडे सुधारक वृत्तपत्रांनी लक्ष वेधले. हिंदू जिमखान्यात बाळूंना संघासोबत जेवणाची मुभा मिळाली, ती याच काळात. १९०७पासून युरोपियन, पारशी व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली.

१९११चा इंग्लंड दौरा

पारशी संघ १८८६ व १८८८ साली इंग्लंडला जाऊन आले होते. मात्र सर्व समाजांचा मिळून एक भारतीय संघ पाठवण्याचा १९०३मधील प्रयत्न, कोणत्या समाजाचे किती खेळाडू घ्यावेत या वादात फसला होता. १९११मध्ये हा प्रयत्न यशस्वी झाला. पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग कर्णधार होते. पारशी, हिंदू व मुस्लिम खेळाडूंच्या या संघात बाळू आणि शिवराम या दोघांची निवड झाली. देश पारतंत्र्यात असताना त्याच्या नावाने उभा राहिलेला हा पहिलाच क्रिकेट संघ होता.

संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले. कर्णधार महाराजा दौरा अर्धवट सोडून परतले. बाळूंची कामगिरी मात्र लक्षणीय होती. पस्तिशीच्या वयात आणि दुखऱ्या खांद्यानिशी त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. लेस्टरशायर कौंटीविरुद्ध त्यांनी सामन्यात ११ बळी घेतले आणि संघाला प्रथम श्रेणीतील पहिला विजय मिळाला. सॉमरसेटविरुद्धचा सामना संघाने एका गड्याने जिंकला. त्यात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळी विद्यार्थिदशेत असलेले भीमराव आंबेडकर यांना बाळूंविषयी मोठा अभिमान होता.

कर्णधारपदाचा प्रश्न

अनुभव आणि कामगिरी या दोन्ही दृष्टींनी १९१०नंतर बाळू हिंदू संघाच्या कर्णधारपदाचे हक्काचे दावेदार होते. दरवर्षी हे पद सवर्ण खेळाडूकडे गेले. १९२०च्या चौरंगी स्पर्धेत पहिल्या सामन्यासाठी बाळूंना संघातून वगळण्यात आले. नियोजित कर्णधार एम. डी. पै आजारी असल्याने दि. ब. देवधर यांची कर्णधार म्हणून निवड झाली. ज्येष्ठ असूनही आपल्याला केवळ जातीमुळे डावलले गेले, असे जाहीर निवेदन करून शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. यावर मुंबईत मोठी चर्चा झाली. अंतिम सामन्यासाठी तिन्ही भावांना परत बोलावण्यात आले आणि बाळू उपकर्णधार झाले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. ही त्यांची शेवटची स्पर्धा ठरली.

जे बाळूंना मिळाले नाही, ते विठ्ठल यांना मिळाले. १९२३मध्ये ते हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिले.

वसाहतींच्या क्रीडासंघांत असा भेद अन्यत्रही आढळतो. वेस्ट इंडीज बेटांच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संख्येने होते, तरी नेतृत्व दीर्घकाळ गोऱ्यांकडे राहिले. जॉर्ज हेडली यांनी १९४८मध्ये एका कसोटीत नेतृत्व केले, पण पूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार नेमला जाण्यास १९६०–६१चा ऑस्ट्रेलिया दौरा आणि फ्रँक वॉरेल यांची वाट पाहावी लागली.

महाडचा सत्याग्रह आणि काळाचा संदर्भ

बाळूंना वेगळ्या भांड्यात चहा व पाणी देण्यामागे जी रूढी होती, तिलाच पुढे महाड येथे उघड आव्हान मिळाले. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव १९२३मध्ये मुंबई कायदेमंडळाने संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांसाठी खुले असल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात मात्र तेथे अस्पृश्यांना पाणी भरता येत नव्हते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी आंबेडकरांसह हजारोंनी तळ्याचे पाणी प्राशन केले. तळ्याच्या वापराबद्दलचा न्यायालयीन वाद दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

बाळू हे गुणवत्तेच्या जोरावर रूढी शिथिल होत जाईल, या विश्वासाच्या काळातील होते. महाडनंतरच्या चळवळीने पाणी हा गुणवत्तेवर मिळणारा मान नसून प्रत्येकाचा हक्क आहे, अशी भूमिका घेतली. पुढील राजकारणात बाळू व आंबेडकर यांच्यात जे अंतर पडले, ते या दोन भूमिकांच्या संदर्भात समजून घेता येते.

राजकीय कार्य

बाळू हे महात्मा गांधींच्या अस्पृश्यता निवारण कार्याकडे ओढले गेले. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत या मागणीस त्यांचा विरोध होता. सप्टेंबर १९३२मध्ये गांधीजींच्या उपोषणानंतर झालेल्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत ते होते. त्याच वर्षी जूनमध्ये भारताचा संघ सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली लॉर्ड्सवर आपला पहिला कसोटी सामना खेळला होता.

१९३३मध्ये बाळूंनी हिंदू महासभेतर्फे मुंबई महानगरपालिकेची निवडणूक लढवली, पण त्यात त्यांचा पराभव झाला. १९३५मध्ये आंबेडकरांनी येवला येथे धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला विरोध केला. १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत आंबेडकरांच्या विरोधात उभे केले. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. एकेकाळी ज्यांचा गौरव आंबेडकरांना अभिमानास्पद वाटला होता, त्यांचाच २,०२० मतांनी पराभव करून आंबेडकर विधानसभेत गेले.

मृत्यू आणि वारसा

४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझ येथील अंत्यसंस्कारास क्रिकेटपटू व लोकप्रतिनिधी उपस्थित होते.

बाळूंनी प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १५.२१च्या सरासरीने १७९ बळी घेतले. हे सामने त्यांच्या वयाच्या तिशीच्या आसपास सुरू झाले, त्यामुळे उमेदीच्या वर्षांतील त्यांची बहुतांश गोलंदाजी या आकडेवारीत येत नाही. स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ त्यांचे नाव क्रिकेटच्या इतिहासात मागे पडले. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटवरील ग्रंथामुळे त्यांचे चरित्र पुन्हा चर्चेत आले. लगान (२००१) या हिंदी चित्रपटातील कचरा या अस्पृश्य फिरकी गोलंदाजाचे पात्र अनेकांना बाळूंची आठवण करून देते. मात्र कचरा हा खेड्यातील अननुभवी खेळाडू आहे, तर बाळू हे वर्षानुवर्षांच्या सरावातून घडलेले व्यावसायिक गोलंदाज होते.