विश्लेषण : रत्नागिरीतील राजवाड्यात कैद झालेला थिबा राजा कोण होता?

रत्नागिरीला जाणारा पर्यटक थिबा राजवाडा पाहतोच. जांभ्या दगडाची आणि विटांची तीन मजली वास्तू, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या, उतरती छपरे यांचे कौतुक होते. पण हा वाडा कोणत्याही राजाने राज्य करण्यासाठी बांधलेला नाही. ब्रह्मदेशाच्या (आताचा म्यानमार) अखेरच्या राजाला कैदेत ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी तो उभारला.

राज्य का गेले?

थिबा यांचा जन्म 1859 मधला. मिंडॉन राजाच्या अनेक पुत्रांपैकी ते एक. तरुणपणी मठात राहून त्यांनी बौद्ध धर्मग्रंथांचा अभ्यास केला. 1878 मध्ये ते मंडालेच्या गादीवर आले. पुढच्याच वर्षी गादीवर हक्क सांगू शकतील अशा अनेक नातेवाईकांची राजवाड्यात कत्तल झाली. तो डाग त्यांच्या कारकीर्दीवर कायम राहिला.

राजा फ्रान्सच्या जवळ जात असल्याने ब्रिटिश अस्वस्थ होते. त्यात मुंबईचे नाव धारण करणाऱ्या ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ला राजदरबाराने सागवानाच्या व्यवहारावरून मोठा दंड ठोठावला. ब्रिटिशांना निमित्त मिळाले. नोव्हेंबर 1885 मधील युद्ध जेमतेम दोन आठवडे चालले. राजा शरण आला आणि 1 जानेवारी 1886 रोजी ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडला गेला.

रत्नागिरीच का?

राजा मायभूमीत राहिला तर बंडाचे केंद्र बनेल, ही भीती होती. राजा, राणी सुपयालत आणि मुलींना आधी मद्रासला, मग एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. तेव्हा येथे रेल्वे नव्हती. ये-जा मुख्यतः समुद्रमार्गे होती आणि पावसाळ्यात तीही बंद पडे. पळून जाणे किंवा कोणी भेटायला येणे, दोन्ही अवघड होते.

वाडा कधी बांधला?

जवळपास 24 वर्षे राजकुटुंब बंगल्यांत राहिले. सरकारी तनखा पुरेना, म्हणून सोबत आणलेली माणके विकावी लागली. वाडा 1910 मध्ये पूर्ण झाला. राजाला त्यात सहाच वर्षे मिळाली. डिसेंबर 1916 मध्ये त्यांचे निधन झाले. तीस वर्षांच्या कैदेत ते एकदाही ब्रह्मदेशात परतू शकले नाहीत.

कुटुंबाचे काय झाले?

मुलींना योग्य वर मिळेनात. थोरल्या राजकन्येला वाड्यावरील एका मराठी नोकरापासून मुलगी झाली. राजाची ही नात पुढे रत्नागिरीतच सामान्य संसार करत, मराठी बोलत म्हातारी झाली. राणी 1919 मध्ये मायदेशी परतली आणि 1925 मध्ये रंगूनमध्ये वारली. राजाचे पार्थिव मात्र ब्रिटिशांनी परत जाऊ दिले नाही.

आज काय पाहता येते?

वाडा राज्य संरक्षित स्मारक असून तेथे संग्रहालय आहे. वाड्याइतकीच पाहण्याजोगी, पण अनेकांकडून राहून जाणारी जागा म्हणजे शहरातील थिबा राजाची समाधी. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी तिचे दर्शन घेतले. रंगूनमध्ये मात्र अखेरचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याची कबर आहे. ब्रिटिशांनी एका देशाचा राजा दुसऱ्या देशात नेऊन ठेवला, आणि दोन्ही राजे परमुलखातच राहिले.