विश्लेषण : एका दिवसाचा ‘महाराजा’ झालेले नगररचनाकार कोण?

येरमाळ्यात येडेश्वरीच्या यात्रेत भाविकच चुनखडी वेचतात. शहर सुधारण्यातही लोकांचा असाच हात लागू शकतो, हे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस (१८५४-१९३२) यांनी होळकरांच्या इंदूरमध्ये दाखवले.

शहर प्लेगने त्रस्त होते. गल्लीबोळांत पाहणी करत फिरणाऱ्या साहेबालाच रहिवासी घाबरत. तेव्हा गेडिस यांनी एका दिवसापुरती ‘महाराजा’ची भूमिका मागून घेतली. दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ वस्तीतून जाईल, असे जाहीर होताच घरोघरी सफाई सुरू झाली. मिरवणुकीत सफाई कामगार मानाने चालले. शेवटी घाणीच्या राक्षसाचा पुतळा जाळण्यात आला.

१९१८ मध्ये त्यांचा इंदूर अहवाल प्रसिद्ध झाला. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले. आराखड्याच्या कार्यशाळेत रहिवासी, व्यापारी, अधिकारी एकमेकांच्या भूमिका घेतात, त्यामागचे तत्त्व हेच : आधी भीती जावी, मग आराखडा यावा.