आम्लाची 'जोडी' शोधून देणारा डॅनिश शास्त्रज्ञ: जोहानेस ब्रॉन्स्टेड

वालीवच्या औद्योगिक पट्ट्यातला कामगार असो की वसईतला बारावीचा विद्यार्थी, आम्ल दोघांच्याही ओळखीचं. पण पेपरात 'संयुग्मी जोडी ओळखा' असा प्रश्न आला की भलेभले अडखळतात. ही जोडी शोधणाऱ्या माणसाचं आयुष्य माहीत झालं, तर ती लक्षात ठेवणं सोपं जातं.

जोहानेस निकोलाउस ब्रॉन्स्टेड यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८७९ रोजी डेन्मार्कमधल्या वार्दे गावात झाला. जन्मानंतर लवकरच आई गेली आणि किशोरवयात वडीलही. वडील इंजिनिअर होते. जोहानेस यांनीही कोपनहेगनमध्ये आधी इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं, पण मन रमलं ते रसायनशास्त्रात. १९०८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी ते कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

तेव्हा अर्‍हेनियस यांची व्याख्या चालत होती: पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देतो तो आम्लारी. पण अमोनियात हायड्रॉक्साइड नसतोच, तरी तो आम्लारीसारखा वागतो. हे कसं?

१९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड यांनी उत्तर दिलं. प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. त्याच वर्षी इंग्लंडच्या थॉमस लॉरी यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला, म्हणून सिद्धांताला दोघांचं नाव आहे.

आता जोडी कशी ओळखायची? आम्लातून एक प्रोटॉन काढा, उरते ती त्याची संयुग्मी आम्लारी. आम्लारीला एक प्रोटॉन जोडा, मिळतं ते तिचं संयुग्मी आम्ल. व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लाने प्रोटॉन दिला की अॅसेटेट आयन उरतो. अमोनियाने घेतला की अमोनियम आयन तयार होतो. जोडीतल्या दोघांत फरक फक्त एका प्रोटॉनचा. दोनचा फरक दिसला तर ती जोडी नाही! म्हणूनच गंधकाम्लाची संयुग्मी आम्लारी सल्फेट नसून बायसल्फेट आहे.

पाणी मात्र दोन्ही बाजूंनी खेळतं. अमोनियाला प्रोटॉन देताना ते आम्ल असतं, हायड्रोक्लोरिक आम्लाकडून घेताना आम्लारी. आणखी एक खूण: आम्ल जितकं तीव्र, तितकी त्याची संयुग्मी आम्लारी दुबळी.

ब्रॉन्स्टेड प्रयोगशाळेपुरतेच राहिले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ते नाझींच्या विरोधात होते. १९४७ मध्ये ते डेन्मार्कच्या संसदेवर निवडूनही आले. पण आजारपणामुळे त्यांना ती जागा घेता आली नाही. १७ डिसेंबर १९४७ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांची व्याख्या मात्र आजही रसायनशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवली जाते. जाता जाता एक प्रश्न: खाण्याच्या सोड्यातल्या बायकार्बोनेटचं संयुग्मी आम्ल कोणतं आणि संयुग्मी आम्लारी कोणती? एक प्रोटॉन जोडून आणि एक काढून बघा. कार्बोनिक आम्ल आणि कार्बोनेट असं उत्तर आलं, तर जोडी तुम्हाला जमली!