रँग्लर नारळीकर आणि प्रकाशाची मर्यादा

प्रकाशाहून अधिक वेगाने अंतराळात प्रवास करता येईल काय, हा प्रश्न आज धामणगाव बढेसारख्या गावातील शाळकरी मुलगाही विचारतो. ज्या जिल्ह्यात लोणारचे विवर आहे, तेथे आकाशाविषयीचे कुतूहल नवे नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर कल्पनेच्या भराऱ्यांनी मिळत नाही. ते आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाच्या गणितातून शोधावे लागते. हे अवघड गणित भारतीय विद्यापीठात ज्यांनी रुजविले, त्यांत एका मराठी प्राध्यापकाचे स्थान अग्रभागी आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचे वडील एवढीच विष्णु वासुदेव नारळीकर यांची ओळख आज पुष्कळांच्या मनात उरली आहे. ती अपुरी आहे.

विष्णुपंतांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. मुंबईचे शिक्षण आटोपून ते केंब्रिजला गेले आणि १९३० साली विशेष गुणवत्तेसह रँग्लर झाले. सापेक्षतावादाचे थोर भाष्यकार एडिंग्टन तेव्हा तेथे होते. त्यांच्या सहवासात नारळीकरांना संशोधनाची गोडी लागली. परदेशात राहून नाव कमावण्याचा मार्ग मोकळा असताना पंडित मदनमोहन मालवीय यांची हाक आली. १९३२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बनारस हिंदू विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा त्यांनी स्वीकारली आणि पुढील अठ्ठावीस वर्षे ती वाहिली.

बनारसला वेधशाळेची मोठी दुर्बीण नव्हती की महागडी यंत्रसामग्री नव्हती. फळा, खडू, कागद आणि शिकण्यासाठी आलेली मुले हेच त्यांचे भांडवल होते. या भांडवलावर काय उभे राहिले, हे एका उदाहरणावरून कळते. प्र. चु. वैद्य हे गुजराती तरुण शिक्षक १९४२ साली पदरच्या साठविलेल्या पैशावर बनारसला आले आणि काही महिने नारळीकरांपाशी राहिले. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे श्वार्झशिल्डने १९१६ साली दिलेले उत्तर प्रकाश न देणाऱ्या ताऱ्यापुरते होते. खरा तारा मात्र अखंड प्रकाश देतो. त्याचे वस्तुमान त्यामुळे घटत जाते आणि त्याच्या भोवतीचे अवकाश रिकामे न राहता प्रारणाने भरलेले असते. अशा ताऱ्याचे गणित वैद्यांनी १९४३ साली सोडविले. आज ते जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते.

त्या काळी या शोधाचा व्यवहारात काय उपयोग, असे कोणी विचारले असते तर समाधानकारक उत्तर देता आले नसते. वीस वर्षांनी, १९६३ मध्ये, क्वेसार या अतितेजस्वी वस्तूंचा उलगडा होऊ लागला आणि मग प्रबळ गुरुत्वाकर्षणाच्या अशा उत्तरांकडे जगाचे लक्ष वळले. नारळीकरांचे दुसरे सहकारी करमरकर यांनी १९४८ साली मांडलेली भूमितीतील एक अट तर अलीकडे दोन दूरस्थ स्थळे जोडणाऱ्या कृमिविवरांच्या अभ्यासातही वापरली जाते. ज्ञानाच्या गुंतवणुकीचा परतावा वार्षिक ताळेबंदात दिसत नसतो, तो असा.

नारळीकरांनी प्रकाशातीत प्रवासाचे स्वप्न कधी विकले नाही. परंतु त्यांनी ज्या विद्येची परंपरा जोपासली, तीच त्या स्वप्नाची कसोटी आहे. ही विद्या सांगते की, वस्तूचा वेग जसजसा सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या जवळ जातो, तसतशी तिला आणखी वेग देण्यास लागणारी ऊर्जा अमर्याद वाढते. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर यान सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर धावते. या गतीने सर्वांत जवळच्या ताऱ्याचे सव्वाचार प्रकाशवर्षांचे अंतर कापण्यास सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. १९९४ साली मेक्सिकोच्या अल्कुबिएरे या शास्त्रज्ञाने, यानापुढील अवकाश आकुंचित व मागील प्रसरित झाल्यास वाट निघू शकते, असे त्याच सापेक्षतावादाच्या समीकरणांतून दाखविले. मात्र त्यासाठी लागणारी ऋण ऊर्जा तेवढ्या प्रमाणात मिळविण्याचा उपाय कोणास ठाऊक नाही. तात्पर्य, आजचे उत्तर नकाराचे आहे. पण तो नकार गणिताने दिलेला असल्यामुळे त्याला मोल आहे.

१९६० साली बनारस सोडल्यावर नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६६ पासून पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून त्यांनी पुन्हा अध्यापन केले. १९६९ मध्ये सापेक्षता व गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासकांची भारतीय संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९९१ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जगातील भौतिकीचे नवे शोधनिबंध संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून देण्यास आरंभ झाला, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

आता बनारसच काय, केंब्रिजचा निबंधही धामणगाव बढेला क्षणात वाचता येतो. ग्रंथालयाची उणीव बव्हंशी दूर झाली, परंतु माणसाची उणीव वाढली आहे. महाविद्यालयांतील मंजूर जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावर राबणारा तरुण अध्यापक पुढील महिन्याच्या किराणा बिलाच्या विवंचनेत असतो. वैद्यांसारखे काही महिने ज्ञानासाठी बाजूला काढणे त्याला कसे परवडावे? आणि त्याने ते काढलेच, तरी समोर बसवून प्रश्न नेमका करून देणारा गुरू त्याला कोठे भेटावा?

शिक्षकाच्या वेतनावरील खर्च हा केवळ तिजोरीवरचा भार आहे, असे मानणाऱ्यांनी बनारसच्या त्या गणित विभागाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ताऱ्यांपर्यंत पोहोचणारे यान केव्हा निघेल, हे सांगता येत नाही. त्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या वर्गात पूर्णवेळ शिक्षक मात्र याच वर्षी पोहोचू शकतो. त्याला प्रकाशाच्या वेगाची नव्हे, शासनाच्या एका निर्णयाची गरज आहे.