साधा खिळाही नको!

मांडव्याला लाँचमधून उतरून अलिबागला गेलात, तर तिथली चुंबकीय वेधशाळा बघा. ती नानाभॉय मूस यांची. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे हे पहिले भारतीय संचालक. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेची ट्राम येणार म्हटल्यावर मूसना घोर लागला. तिच्या प्रवाहाने नाजूक चुंबकसूया बिघडणार ना! मग त्यांनी अलिबाग निवडलं. बांधकामात लोखंड वर्ज्य, खिळासुद्धा नाही. दगड मुद्दाम पोरबंदरचा. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे नोंदी घेऊन ताळा जुळवला, मगच कुलाब्याचं काम थांबलं. ट्राम १९०७ साली धावली. नंतर, १८४६ ते १९०५ असे साठ वर्षांचे आकडे तपासून मूसनी १९१० साली ग्रंथ काढला. आपला महिन्याचा हिशेब जुळताना काय होतं, ठाऊक आहेच! मूस १९३६ साली गेले. अलिबागच्या नोंदी चालूच आहेत.